संगणकाचा कुंचला



तुमच्या घरात एखादा जुना फोटो नक्कीच असेल. कुठे तो भिंतीवर चौकटीत लावलेला असतो, तर कुठे लोखंडी पेटीच्या तळाशी कापडात गुंडाळून ठेवलेला असतो. त्याचे कोपरे झिजलेले असतात. मधोमध घडी पडलेली असते. एखाद्या पावसाळ्यात ओल लागून त्यावर डागही पडलेला असतो. असा फोटो आपण बाजारातील स्टुडिओत दुरुस्तीला देतो आणि चार दिवसांनी तो स्वच्छ होऊन परत येतो. मराठीत चौकटीतल्या चित्राला 'तसबीर' म्हणतात. तुमच्या उर्दूतील 'तस्वीर' तीच ही. तर ही तसबीर दुरुस्त कशाने होते?

उत्तर सोपे आहे. ती कुंचल्याने दुरुस्त होते. मात्र हा कुंचला केसांचा नसतो आणि तो पाण्यात बुडवावा लागत नाही. तो संगणकाच्या पडद्यावर असतो. शिवाय दर दोन-तीन वर्षांनी तो बदलतो. कधी त्याचे नाव बदलते, कधी जागा बदलते, तर कधी नाव तेच राहून काम करण्याची रीत बदलते. हा बदल कसा होत गेला आणि त्यात आपण कोणती काळजी घ्यावी, हे आज आपण पाहू.

संगणकापूर्वीचा कुंचला

आपले जिंतूर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानात लाला दीनदयाळ नावाचे एक थोर छायाचित्रकार होऊन गेले. सिकंदराबाद आणि मुंबई येथे त्यांचे स्टुडिओ होते. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना 'राजा मुसव्विर जंग' हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार, हे तुम्हाला सांगायला नको. कॅमेऱ्याने चित्र घेणाऱ्या माणसाला निजामांनी चित्रकार म्हटले, हे लक्षात ठेवा.

त्या काळी फोटो काढणाऱ्याला कुंचलाही चालवावा लागे. काचेवर किंवा फिल्मवर उलटी प्रतिमा उमटे. तिला निगेटिव्ह म्हणतात. चेहऱ्यावरील सुरकुत्या सौम्य करण्यासाठी कारागीर निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने काम करीत. कागदावर फोटो छापल्यावर धुळीचे पांढरे ठिपके दिसत. ते अगदी बारीक कुंचल्याने, करडा रंग लावून बुजवावे लागत. काळ्यापांढऱ्या फोटोत गालांना, ओठांना आणि शालूला हाताने रंग भरण्याचीही पद्धत होती.

अंधाऱ्या खोलीत आणखी एक युक्ती चाले. निगेटिव्हमधून कागदावर उजेड पडत असताना कारागीर मध्ये हात किंवा पुठ्ठ्याचा तुकडा धरी. जेथे सावली पडे, तेथे कागदाला उजेड कमी मिळे आणि तो भाग फिका राही. जेथे जास्त उजेड पडू दिला, तेथे तो भाग गडद होई. पहिल्या युक्तीला 'डॉज' आणि दुसरीला 'बर्न' म्हणत. ही दोन नावे विसरू नका. ती आपल्याला पुन्हा भेटणार आहेत.

पडद्यावरचा ठसा

१९८७ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात थॉमस नोल नावाचा एक विद्यार्थी शिकत होता. त्याच्या वडिलांना छायाचित्रणाचा छंद होता. घरातच त्यांची अंधारी खोली होती. थॉमसने पडद्यावर चित्र दाखवणारी एक आज्ञावली लिहिली. त्याचा भाऊ जॉन चित्रपटांसाठी दृश्ये तयार करणाऱ्या संस्थेत काम करीत असे. दोघा भावांनी मिळून ती आज्ञावली वाढवली. अ‍ॅडोबी या कंपनीने फेब्रुवारी १९९० मध्ये ती 'फोटोशॉप' या नावाने विक्रीस आणली. ही तिची पहिली आवृत्ती होय.

या आवृत्तीत पेन्सिल, ब्रश, रंगाचा फवारा उडवणारा एअरब्रश, रबर आणि 'रबर स्टॅम्प' अशी हत्यारे होती. 'डॉज' आणि 'बर्न' ही नावेही पुढे संगणकात आली. हाताची सावली धरणाऱ्या कारागिराची आठवण संगणकाने अशी जपली.

संगणकाचा ब्रश चालतो कसा? पडद्यावरील चित्र बारीक चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते. अशा एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. आपण पडद्यावर ब्रश ओढतो तेव्हा रेघ सलग दिसते. खरे तर ती सलग नसते. कापडावर लाकडी ठसे उमटवणारा कारागीर तुम्ही पाहिला असेल. एक ठसा, त्याला लागून दुसरा, त्याला लागून तिसरा. संगणकाचा ब्रशही असाच ठशावर ठसा उमटवत जातो. ठसे जवळजवळ पडले तर रेघ दिसते. अंतर वाढवले तर नुसते ठिपके दिसतात. ठशाची कड टणक असेल तर रेघ स्पष्ट येते आणि मऊ असेल तर धूसर येते. आवृत्ती कोणतीही असो, आकार, कड, अंतर आणि रंगाचा दाटपणा या चार गोष्टी ज्याला कळल्या, त्याला ब्रश कळला.

आवृत्तीमागून आवृत्ती

सुरुवातीच्या आवृत्त्यांत एक मोठी अडचण होती. चूक झाली तर फक्त एकच पाऊल मागे घेता येई. दहा वेळा ब्रश फिरवल्यावर पहिल्याच वेळी चुकल्याचे ध्यानात आले, तर ती चूक तशीच राहत असे. १९९४ साली तिसरी आवृत्ती आली. तिने 'थर' दिले. चित्रावर पारदर्शक कागद ठेवून त्या कागदावर रंगवावे, तसे हे होते. खालचे चित्र शाबूत राही. १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत अनेक पावले मागे जाण्याची सोय झाली. त्याबरोबर 'हिस्टरी ब्रश' आला. हा ब्रश जेथे फिरवावा, तेवढाच भाग पूर्वी होता तसा होतो.

२००२ साली सातवी आवृत्ती आली. आपल्याकडील स्टुडिओंमध्ये ती फार वर्षे वापरात होती. तिच्यात ब्रशचे रूपच पालटले. ठसे विखुरणे, ठशाला पोत देणे, दोन ठसे एकत्र करणे, अशा अनेक सोयी एका फलकावर आल्या. मात्र एअरब्रश हे वेगळे हत्यार तिच्यात नव्हते. ज्यांना त्याची सवय होती, त्यांनी ते नेहमीच्या जागी शोधले. ते सापडेना. प्रत्यक्षात एअरब्रश गेला नव्हता. तो ब्रशच्या वरच्या पट्टीवर एका लहान बटणाच्या रूपाने जाऊन बसला होता. नव्या आवृत्तीत एखादे हत्यार दिसले नाही म्हणून ते नाहीसे झाले, असे समजू नये.

याच सातव्या आवृत्तीत 'हीलिंग ब्रश' आला. हील म्हणजे जखम भरून येणे. २००५ साली 'सीएस २' या आवृत्तीत 'स्पॉट हीलिंग ब्रश' आला. २०१० च्या 'सीएस ५' मध्ये ओला रंग एकमेकांत मिसळणारा 'मिक्सर ब्रश' आणि केसाळ टोकांचे ब्रश आले. म्हणजे खऱ्या कुंचल्याकडे संगणक पुन्हा वळला. २०१२ च्या 'सीएस ६' मध्ये ब्रशचा मोठ्यात मोठा आकार २५०० पिक्सेलवरून ५००० पिक्सेल झाला. कारण उघड आहे. कॅमेऱ्यांची चित्रे मोठी झाली, तेव्हा ठसाही मोठा लागला. २०१७ च्या अखेरीस थरथरत्या हाताची रेघ सरळ करण्याची सोय आली.

आधी नवी आवृत्ती तबकडीवर विकत मिळत असे. घ्यायची नसेल तर माणूस जुन्या आवृत्तीवर खुशाल काम करी. २०१३ पासून फोटोशॉप वर्गणी भरून, इंटरनेटवरून मिळू लागले. आता हत्यारे मधूनमधून आपोआप नवी होतात. २०१५ साली हीलिंग ब्रशचे काम करण्याचे गणितच बदलले. नाव तेच, चित्र तेच, पण परिणाम वेगळा येऊ लागला. ज्यांचा हात जुन्या रीतीवर बसला होता, त्यांची पंचाईत झाली. शेवटी, ज्याला हवी त्याला जुनी रीत निवडता यावी, अशी सोय कंपनीने ठेवली. ब्रश बदलला तर माणसाचा सरावही वाया जातो, हे यातून दिसते.

ठिगळ आणि रफू

आता आपण मुख्य मुद्द्याकडे येऊ. फाटलेले कापड दुरुस्त करण्याच्या दोन रीती तुम्हाला माहीत आहेत. एक ठिगळ आणि दुसरी रफू. ठिगळ म्हणजे एका जागेचा तुकडा कापून दुसऱ्या जागी लावणे. रफू करणारा तसे करीत नाही. तो त्याच कापडाच्या शिवणीतून, आतल्या बाजूने चार धागे काढतो आणि फाटलेल्या जागी विणतो. त्यामुळे फाटलेली जागा हुडकूनही सापडत नाही.

पहिल्या आवृत्तीतील रबर स्टॅम्प म्हणजे ठिगळ होते. पुढे २००० साली सहाव्या आवृत्तीत त्याचे नाव 'क्लोन स्टॅम्प' झाले. कीबोर्डवरील ऑल्ट हे बटण दाबून आपण चांगली जागा दाखवायची आणि मग डागावर ब्रश फिरवायचा. चांगल्या जागेची हुबेहूब नक्कल डागावर उमटते. पण ती जागा उजळ असेल आणि डाग सावलीत असेल, तर ठिगळ लगेच ओळखू येते.

हीलिंग ब्रश म्हणजे रफू. त्यालाही चांगली जागा आपणच दाखवायची असते. पण तो तेथून फक्त पोत घेतो. रंग आणि उजेड मात्र डागाच्या आजूबाजूचा घेतो. त्यामुळे जोड दिसत नाही. यात एक दोषही आहे. काळ्या टोपीची कड जवळ असेल, तर तो टोपीचा काळेपणाही ओढून कपाळावर पसरवतो. अशा जागी ठिगळच बरे.

स्पॉट हीलिंग ब्रशला तर जागाही दाखवावी लागत नाही. डागावर ब्रश टेकवला की आजूबाजूला पाहून तो स्वतःच धागा निवडतो. सीएस ५ पासून त्याचा अंदाज आणखी सुधारला. आणि २०२३ साली फोटोशॉपमध्ये 'रिमूव्ह' नावाचे ब्रशसारखे हत्यार आले. त्याच वर्षी शब्द लिहून रिकाम्या जागी नवे चित्र भरून घेण्याची सोयही आली. ही कृत्रिम बुद्धिमत्तेची करामत आहे. असंख्य चित्रे पाहून शिकलेला संगणक रिकाम्या जागी काय असू शकेल, याचा तर्क करतो आणि तसे चित्र बनवतो.

आता नीट विचार करा. क्लोन स्टॅम्प आणि हीलिंग ब्रश यांत धागा कोठून घ्यायचा, हे माणूस ठरवीत होता. धागा त्याच कापडाचा होता. स्पॉट हीलिंगमध्ये धागा त्याच कापडाचा राहिला, पण तो निवडला संगणकाने. नव्या सोयीत मात्र धागा त्या कापडाचा असेलच असे नाही. तो परक्या कापडांवरून शिकून नव्याने कातलेला असतो. दिसायला रफू अधिक सुबक, पण धागा परका. म्हणून नवी आवृत्ती हाती आली की एक प्रश्न स्वतःला अवश्य विचारा. 'धागा कोठून आला?'

नानाजानचा वण

हा प्रश्न मला पुस्तकाने शिकवला नाही. तो माझ्या अम्मीने शिकवला.

माझे नानाजान येलदरीच्या धरणावर दगड फोडायचे काम करीत. पूर्णा नदीवरचे हे धरण आपल्याच तालुक्यात आहे आणि त्याचे काम १९६८ साली पूर्ण झाले. काम करताना एकदा दगडाची कपची उडाली आणि त्यांच्या डाव्या भुवईवर लागली. थोडक्यात डोळा वाचला. भुवईत तिरपा वण मात्र कायमचा राहिला. अम्मी अकरा वर्षांची असताना नानाजान वारले. त्यांचा एकच फोटो घरात होता. काळी टोपी, पांढरा सदरा आणि समोर रोखलेली नजर. एका पावसाळ्यात भिंत ओलावली आणि कपाळापासून भुवईपर्यंत फोटोवर तपकिरी डाग पसरला.

मी आणि अम्मी तो फोटो घेऊन एका स्टुडिओत गेलो. स्टुडिओचे काका वयस्कर होते. पूर्वी अंधाऱ्या खोलीत काम केलेले आणि आता नव्या संगणकावर बसणारे.

"बाई, आता हे काम पाच मिनिटांचं आहे," ते मला म्हणाले. "पूर्वी याच कामाला दोन दिवस लागायचे."

त्यांनी फोटो संगणकात घेतला. नवा ब्रश डागावरून एकदा फिरवला. क्षणभर थांबले आणि डाग गेला! कपाळ स्वच्छ झाले. भुवई रेखीव झाली. मी आनंदाने अम्मीकडे पाहिले. अम्मी काहीच बोलली नाही. ती पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

"भाभी, आवडलं नाही का?" काकांनी विचारले.

"फोटो चांगला झाला, भाऊ," अम्मी हळूच म्हणाली. "पण हे माझे अब्बा नाहीत. यांना दगड लागलेलाच नाही."

काकांचा हात थांबला. त्यांनी मूळ फोटो उचलून उजेडात धरला. डागाच्या कडेला वणाचे एक टोक पुसटसे दिसत होते. ब्रशला तो वण डागाचाच भाग वाटला होता. त्यात ब्रशची काय चूक? त्याला दगड माहीत नव्हता, धरण माहीत नव्हते आणि अम्मीही माहीत नव्हती.

"चूक माझी आहे," काका म्हणाले. "फोटोत कोण आहे, हे मी विचारलंच नाही. दोन दिवस द्या मला."

दोन दिवसांनी आम्ही गेलो, तेव्हा त्यांनी केलेले काम मला दाखवले. संगणक तोच होता आणि आवृत्तीही तीच होती. पण या वेळी त्यांनी जुनी हत्यारे घेतली होती. मूळ चित्राला हात न लावता वर एक वेगळा थर घेतला होता. कपाळावर हीलिंग ब्रशने लहान लहान ठसे दिले होते. टोपीच्या कडेला क्लोन स्टॅम्प वापरला होता. डागाखाली दडलेला वण उजेड-सावली कमीजास्त करून वर आणला होता. भुवईजवळ जवारीच्या दाण्याएवढी एक जागा मात्र तशीच तपकिरी राहिली होती.

"ही का ठेवली, काका?" मी विचारले.

"तिथं खाली काहीच उरलेलं नाही, बाई. जे दिसत नाही, ते मी माझ्या मनानं काढणार नाही."

अम्मीने फोटो हातात घेतला. वणावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "हां, हे अब्बा." मग त्याच्या तीन प्रती काढून तिने माझ्या तिन्ही मामूंना पाठवल्या. तो लहानसा तपकिरी डाग त्या तिन्ही प्रतींत आहे. कोणी त्याबद्दल तक्रार केली नाही.

नव्या आवृत्तीशी ओळख

यावरून नवी आवृत्ती वाईट, असा अर्थ काढू नका. धुळीचे शेकडो ठिपके हाताने बुजवणाऱ्या कारागिराचे डोळे दुखत. तेच काम नवा ब्रश झटपट करतो. मोकळ्या आभाळावरचा डाग, भिंतीवरचा ओरखडा, कागदाची घडी अशा जागी त्याचा उपयोग खुशाल करावा. पण चेहरा, हस्ताक्षर, तारीख, ओळखपत्र आणि बातमीचा फोटो यांच्या बाबतीत हात आवरावा. १९८२ साली 'नॅशनल जिओग्राफिक' या प्रसिद्ध मासिकाच्या मुखपृष्ठावर इजिप्तमधील पिरॅमिड संगणकाच्या साहाय्याने एकमेकांजवळ सरकवले गेले. चित्र उभ्या पानात बसावे, एवढाच हेतू होता. तरी त्यावर मोठी टीका झाली. तेव्हा फोटोशॉपचा जन्मही झाला नव्हता. म्हणजे दोष कोणत्या आवृत्तीचा नसतो. खऱ्याचे खोटे करायचे की नाही, हे माणूसच ठरवतो.

तुम्हाला स्वतः सराव करायचा असेल तर फोटोशॉपच पाहिजे असे नाही. 'गिम्प' नावाची आज्ञावली फुकट मिळते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस यांनी, ती १९९६ साली लोकांपुढे आणली. तिच्यातही आवृत्तीगणिक बदल होतात. २००७ च्या २.४ या आवृत्तीत तिला डाग बुजवणारा ब्रश मिळाला आणि मार्च २०२५ मध्ये तिची ३.० ही आवृत्ती आली. तिच्यात चांगली जागा दाखवण्यासाठी ऑल्टऐवजी कंट्रोल हे बटण दाबावे लागते. बटण वेगळे, रीत तीच.

नवी आवृत्ती उघडली की पुढील गोष्टी करा. प्रथम मूळ फोटोची प्रत काढून ठेवा. वेगळा थर घेऊन त्यावरच काम करा. ओळखीचे हत्यार दिसले नाही तर घाबरू नका. ते दुसऱ्या हत्याराखाली किंवा वरच्या पट्टीवर असेल. ओळखीचे हत्यार दिसले तरी लगेच विश्वास ठेवू नका. आधी एका कोपऱ्यात फिरवून पाहा. आपण तयार केलेले ब्रश दुसऱ्या संगणकावर नेणार असाल, तर तेथील आवृत्ती विचारून घ्या. नव्या आवृत्तीत साठवलेले ब्रश जुनीत उघडतीलच असे नाही. आणि काम हाती घेण्यापूर्वी घरच्या मोठ्या माणसांजवळ बसून विचारा, 'हे कोण? ही खूण कशाची?' त्यांच्याजवळ जी माहिती आहे, ती कोणत्याही ब्रशजवळ नाही.

मुलांनो, कुंचला पूर्वी केसांचा होता, आज ठिपक्यांचा आहे, उद्या आणखी कशाचा असेल. त्याने हाताचे श्रम कमी केले, याबद्दल त्याचे आभार मानू. पण हाताचे काम जेवढे कमी होते, तेवढे नजरेचे काम वाढते. डाग कोणता आणि वण कोणता, हे आपल्यालाच ओळखावे लागते.

शब्दार्थ

कुंचला – रंग देण्याचे केसाळ टोकाचे साधन, ब्रश
किताब – पदवी, मानाचे नाव
आवृत्ती – सुधारून पुन्हा काढलेले रूप
आज्ञावली – संगणकाला दिलेल्या सूचनांचा संच
पोत – कापडाची किंवा पृष्ठभागाची वीण, स्पर्श
कपची – दगडाचा उडालेला पातळ तुकडा
वण – जखम भरल्यावर राहिलेली खूण
रेखीव – नीट आखल्यासारखा, सुबक
पंचाईत होणे – अडचणीत सापडणे
हात आवरणे – करीत असलेले काम थांबवणे

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लाला दीनदयाळ यांना निजामांनी कोणता किताब दिला?
(आ) फोटोशॉपची पहिली आवृत्ती केव्हा विक्रीस आली?
(इ) सातव्या आवृत्तीत एअरब्रश कोठे गेला?
(ई) नानाजानच्या भुवईवर वण कशामुळे पडला होता?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अंधाऱ्या खोलीत फोटोचा भाग फिका किंवा गडद कसा केला जाई?
(आ) संगणकाचा ब्रश आणि कापडावरील ठसा यांत कोणते साम्य आहे?
(इ) ठिगळ आणि रफू यांच्या उदाहरणाने लेखिकेने कोणता फरक समजावला आहे?
(ई) काकांनी भुवईजवळची जागा तपकिरी का ठेवली?

प्र. ३. कारणे द्या.
(अ) पहिल्यांदा दुरुस्त केलेला फोटो अम्मीला पटला नाही.
(आ) टोपीच्या कडेला काकांनी क्लोन स्टॅम्प वापरला.

प्र. ४. जोड्या लावा.
थर – २००५
हिस्टरी ब्रश – १९९४
हीलिंग ब्रश – १९९८
स्पॉट हीलिंग ब्रश – २००२

प्र. ५. वाक्यांत उपयोग करा.
शाबूत राहणे, हुडकूनही न सापडणे, पंचाईत होणे, हात आवरणे.

प्र. ६. तसबीर, हुबेहूब, रफू, कारागीर, किताब हे शब्द मराठीत व उर्दूत दोन्हीकडे आढळतात. प्रत्येक शब्द उर्दूत कसा लिहितात व त्याचा अर्थ तोच आहे की थोडा वेगळा, ते वहीत लिहा. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा.

उपक्रम

घरातील सर्वांत जुना फोटो घेऊन आजी, आजोबा किंवा इतर मोठ्या माणसांजवळ बसा. फोटोत कोण आहे, तो केव्हा व कोठे काढला, त्यातील कोणत्या खुणा पुसू नयेत, हे त्यांना विचारा. त्यांनी सांगितलेली माहिती दहा ओळींत मराठीत लिहून वर्गात वाचून दाखवा.